कार्डावरचं कारण

डॉक्टर पद्मावतींनी जुनं डिस्चार्ज कार्ड खिडकीकडे धरून वाचलं. "पहिलं सिझेरियन बाळ अडकलं म्हणून. मग वैशालीअम्मा, या वेळी नॉर्मलचा हट्ट नको. पुन्हा तसंच अडलं तर आतला टाका उसवू शकतो. ऑपरेशनची तारीख देते."

वैशालीला नववा लागला होता. नवऱ्याला नव्या कॉम्प्युटर कंपनीनं अमेरिकेला धाडलेलं. फोनवर तो एवढंच म्हणाला होता, डॉक्टर सांगतील तसं कर. कोठी भागातल्या या दवाखान्यात तिच्यासोबत सासूबाई आल्या होत्या.

"चूक माझीच," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पहिल्या खेपेला डिंकाचे लाडू, तूप... मीच नको तितकं खाऊ घातलं. बाळ मोठं झालं नि अडकलं. या वेळी तुपाला हात लावू दिला नाही मी."

चार वर्षं त्या हेच सांगत होत्या. नारायणगुड्यातल्या शेजारणींना, पाहुण्यांना, देवालाही. एकदा हळदीकुंकवाला सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले, तेव्हा वैशाली सरबताचे पेले उचलून आत निघून गेली होती.

"तारीख लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाळ अडकलं नव्हतं," वैशाली म्हणाली.

"म्हणजे?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"तेव्हा तुम्ही खोलीबाहेर होतात, आई. तिथल्या डॉक्टर म्हणत होत्या, सगळं ठीक चाललंय, अजून वेळ लागेल. मला कळा सोसवेनात. मीच हात धरला त्यांचा, कापा म्हणून. आणि घरी काय सांगू, म्हणून हे कारणही मीच लिहायला लावलं."

पद्मावतींनी कार्ड खाली ठेवलं. "मग नॉर्मलचा प्रयत्न करता येईल," त्या सावकाश म्हणाल्या. "थोडा धोका राहतोच. ऑपरेशनची तयारी शेजारीच ठेवू. पण ठरवायचं तू."

वैशालीला सासूबाईंकडे बघवेना. त्यांनी चिडावं, चार शब्द टाकून बोलावं, असं तिला फार वाटलं.

"करते प्रयत्न," ती म्हणाली. "या वेळी सोसेन."

"कुणासाठी?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "माझ्यासाठी?"

प्रमिलाबाई डॉक्टरांकडे वळल्या. "करू द्या तिला प्रयत्न. सोसवेना झालं नि तिनं मागितलं, तर ऑपरेशन करा. फक्त बाहेर येऊन मला खरं सांगा."