पहिली खुर्ची

बॉल आपल्याच बचावपटूच्या टाचेला लागून उलटा वळला, आणि रांगेतले सगळे म्हातारे एकदम ओरडले, "गेला!"

गेलाच असता. गोलकीपर पोरगा झेपावला होता उजवीकडे, बॉल निघाला डावीकडे. पण त्या काटकुळ्याने हवेतच अंगाला असा काही पीळ दिला, डावा हात असा मागे फेकला, की बॉल बोटांना लागून बाहेर! अख्खं मैदान उठून नाचायला लागलं. शिट्टी झाली, सामना जिंकला. म्हाताऱ्यांची रांग मात्र चिडीचूप.

कारण पहिल्या खुर्चीत भिंतराव बसले होते. क्लबच्या त्या जुन्या, गाजलेल्या संघाचे गोलकीपर. भिंत हे नाव लोकांनीच दिलेलं. त्या वर्षी या संघाने भल्याभल्यांना लोळवलं, फक्त अंतिम सामना हातचा गेला. तो असाच, टाचेला लागून वळलेल्या बॉलने. तेव्हापासून सगळे भिंतरावांना एकच सांगत आले, "अरे, तो कुणाच्या बापालाही अडवता आला नसता!" त्या एका वाक्यावर बिचाऱ्यांना आजवर शांत झोप लागत होती.

सामना संपला तरी लगेच उठायचं नाही, हा या रांगेचा रिवाज. आधी क्लबचा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडायचा. जुन्यातले घ्या नाहीतर आताचे, पण सगळ्यांचे हात वर झाले पाहिजेत. आता निवडून कोण येणार? रांगेत बसलेले हेच जुने खेळाडू! यांच्यातले काही देवाघरी गेले, पण संघातली जागा सोडतील तर शपथ. बसायचंही खेळायच्या जागेप्रमाणे, गोलकीपरपासून ओळीने. आणि पार शेवटी राखीव गोलकीपर, ज्याला कधी एक सामनासुद्धा मिळाला नव्हता.

जुन्या संघाचा कप्तान खाकरला. "गोलकीपर, आपला भिंत्या."

हात भराभर वर गेले, नेहमीपेक्षा जरा घाईनेच. भिंतरावांचे हात मांडीवरच होते.

"भिंत्या, हात?"

"नाही रे. त्या पोराला घ्या."

"वेड लागलंय का तुला? यांचे हातमोजे बघ, मैदान बघ. आपण गुडघाभर चिखलात खेळायचो!"

"बॉल तसाच वळला होता ना?"

कप्तानाने वर केलेला हात खाली घेतला.

"मी पडलो आणि नुसता बघत राहिलो," भिंतराव म्हणाले. "मला वाटलं, संपलं. हा हवेत होता, तरी त्याला तसं वाटलं नाही." त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंडभर हसू होतं. "काय अडवला रे! जीव खूश झाला माझा. घ्या त्याला."

पुन्हा हात वर झाले. सगळ्यांत आधी भिंतरावांचा.

मग ते उठले. एकेकाच्या गुडघ्यांना चुकवत, "सरक रे जरा" म्हणत रांगेच्या शेवटी आले. राखीव गोलकीपरने बाजूच्या खुर्चीवरची आपली टोपी उचलली.

"ये, बस," तो म्हणाला. "इथून खेळ फार छान दिसतो."