डोलकाठीखालची अंगठी

आमच्या लुनेनबर्गच्या गोदीत डोलकाठी उभारताना शुभशकुन म्हणून तिच्या बुडाखालच्या खाचेत चांदीचं नाणं ठेवतात. ‘एथेलिंडा’ या शिडाच्या जहाजाच्या, स्कूनरच्या वेळी माझे कप्तान यजमान नाणंच विसरले आणि डोलकाठी तर दोरांना लोंबकळत होती. त्यांनी माझ्या बोटातली लग्नाची अंगठी ओढून खाचेत टाकली. स्कूनरनं पहिलीच शर्यत जिंकली. मी अंगठी मागितली, तर ते म्हणाले, “अगं, काठी हलवली तर नशीब फिरेल. पुढच्या वर्षी बघू.” अठरा वर्षं, दर शर्यतीनंतर हेच. गावही दटावायचं, “कप्तानीणबाई, अंगठी मागाल तर खबरदार, करंडक जाईल!” आज इंजिन बसवायला काठी उपटली. मी कॉड मासे खारवत होते, तेवढ्यात ते धावत आले. तळहातावर अंगठी होती, काठीखाली चपटी झालेली. ती माझ्या नखापुढं सरकेना. “सोनाराकडून गोल करून आणतो,” ते पुटपुटले. मी पुढचा मासा उचलला. “राहू द्या. पुढच्या वर्षी बघू.”