नाव घातलेली कळशी

अमिरातीतल्या कल्बाच्या किनाऱ्यावर, तिथल्या पुरातन तांब्याच्या खाणींची आठवण म्हणून मांडलेल्या दुकानात केरू तांबट अरबांचा पांढरा पायघोळ कंदुरा घालून कळशी ठोकत बसला होता. मॅनेजरची ताकीद होती, "मुँह बंद रखना. टूरिस्ट के लिए तू इधर का कारीगर है."

ठक्.

रविवारी रेवदंड्याला लेकीचं लग्न. केरूचा पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात.

ठक्.

दुबईहून आलेल्या एका बाईनं कळशी उचलली. गळ्याभोवती बारीक ठिपके होते.

"पुराना अरबी डिझाइन, मॅडम," मॅनेजर म्हणाला.

बाईनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं, तशी मराठी अक्षरं जुळत गेली. 'चि. सौ. कां. सगुणा हिस, बाबांकडून.'

तिनं केरूकडे पाहिलं. त्यानं मान वर केली नाही.

"अहो," ती नवऱ्याला मोठ्यानं म्हणाली, "उद्या आपण मुंबईला चाललोच आहोत. नुसता पत्ता हवा होता." मग मॅनेजरकडे वळून, "भैया, डिझाइन अधूरा है. पूरा करवा दो, अभी ले जाऊँगी."

मॅनेजर केरूवर खेकसला, "यल्ला, जल्दी कर!"

मु. ठक्. पो. ठक्. रेवदंडा. ठक्.

कळशी तरी मांडवात पोचणार होती.