जायचा योग्य महिना

"ताई, त्या गवताळ मैदानांच्या देशात जायचं तर जुलैमध्ये जा. आत्ता तिथे उणे पस्तीस आहे, चिटपाखरू फिरकत नाही," तिकिटं काढून देणारा कळवळून सांगत होता.

"आत्ताचंच काढा," मी म्हटलं. शिलाई मशीनवरून तशीच उठून आले होते, मापाची टेप गळ्यातच होती.

"तिथे कोण असतं तुमचं?"

"लेक. लग्न होऊन वर्ष झालं. शेजारचं घर चार तासांवर आहे म्हणे."

"मग तिलाच विचारा की, कधी यायचं ते!"

"विचारलं ना, सकाळीच व्हिडिओ कॉलवर. जावई तिच्या शेजारीच बसले होते. ती हसत हसत म्हणाली, 'आई, मी मजेत आहे. अजिबात घाई करू नकोस, उन्हाळ्यातच ये.'"

"बघा! मग कशाला एवढ्या थंडीत जिवाशी खेळ?"

मी पासपोर्ट पुढे सरकवला.



ती सात वर्षांची असताना आम्हा मायलेकींची एक खूण ठरली होती : परक्या घरात भीती वाटली, की फोनवर हसायचं आणि म्हणायचं, 'आई, अजिबात घाई करू नकोस.'