डिंकाचा डबा

माझी बायको वासंती गेल्याचा हॉस्पिटलमधून फोन आला, तेव्हा डिसेंबर असूनही घरात पंखा फुल होता. ओट्यावर डिंकाचा डबा होता. दिवाळीनंतर मीच आणलेला. रोज विचारायचो, "लाडू कधी?"

"अहो, डिंक उष्ण असतो. आधी थंडी तर पडू द्या."

"डोंबिवलीत थंडी? म्हणजे झालेच लाडू!"

"पडते हो. उशिरा का होईना, पडते."

वर्ष झालं. या डिसेंबरात मुलगी क्षिप्रा आली. डबा उघडून म्हणाली, "बाबा, डिंक चांगला आहे अजून. मी करू का लाडू?"

मी पंख्याकडे बघितलं. म्हटलं, "थंडी पडू दे."

जानेवारी संपला. पंखा चालूच आहे. डिंक अजून तळायचा राहिला आहे.