चारित्र्य फोनवर विचारत नाहीत

भालचंद्र सबनीस यांना आजवर कोणीही फसवू शकलेलं नव्हतं. ग्रेटर नोएडाच्या फ्लॅटची गोष्ट वेगळी. तिथे बिल्डरने चारशे कुटुंबांना फसवलं होतं, त्यात वैयक्तिक असं काही नव्हतं.

त्यामुळे रविवारी सकाळी परदेशी नंबरवरून फोन आला, तेव्हा काका खुर्चीत ताठ बसले.

"मी थायलंडहून, चिआंग रायच्या शाळेतून सुनिसा बोलतेय," पलीकडच्या बाई इंग्रजीत म्हणाल्या. "मयुरा सबनीस आमच्याकडे इंग्रजी शिकवायला येऊ इच्छिते. रेफरन्ससाठी तिने तुमचं नाव दिलंय. कशी आहे ती?"

मयुरा ही काकांची पुतणी. हिंगोलीहून यूपीएससी करायला दिल्लीत आली, सगळे प्रयत्न संपेपर्यंत काका-काकूंच्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिली, आणि आता तिथेच राहून लक्ष्मीनगरच्या एका क्लासात इंग्रजी शिकवत होती. ही नोकरी तिने स्वतः शोधली होती. कितीतरी वर्षांत तिला पहिल्यांदाच काहीतरी मनापासून हवं होतं. काकांना मात्र टीव्हीवर रोज तेच दिसायचं: नोकरीच्या नावाखाली तिकडे नेलेली पोरं, काढून घेतलेले पासपोर्ट, बंद इमारतीत बसवून त्यांच्याकडून करवून घेतलेले फसवणुकीचे धंदे. म्हणून त्यांनी शाळेची चौकशी स्थळासारखी केली होती. बँकॉकमधल्या कुणा कुलकर्ण्यांचा नंबर मिळवून त्यांना फोन लावला होता. कुलकर्णी म्हणाले, "अहो, इथून चिआंग राय म्हणजे दिल्लीहून भोपाळ. मला काय माहीत?" यामुळे काकांचा संशय वाढला.

शिवाय रेफरन्स म्हणजे काय, हे काकांना कोणी शिकवायची गरज नव्हती. ते राजपत्रित अधिकारी होते. उभ्या नोकरीत त्यांनी असंख्य लोकांना चारित्र्याचे दाखले दिले होते. त्यातल्या निम्म्यांना त्यांनी पाहिलंही नव्हतं. दाखला लेटरहेडवर असतो. खाली सही असते, सहीवर गोल शिक्का असतो. मयुराचा दाखला त्यांनी टाइप करून कधीचा तयार ठेवला होता. चारित्र्य कोणी फोनवर विचारत नाही. विचारतो तो भामटा.

"आधी तुमच्या शाळेचा नोंदणी क्रमांक सांगा," काका म्हणाले.

बाईंनी सांगितला.

"तुमचा ओळखपत्र क्रमांक?"

बाईंनी तोही सांगितला. काकांनी दोन्ही पुन्हा एकदा सांगायला लावले. दोन्ही वेळा ते सारखेच आले. भामटे हल्ली तयारीनिशी येतात.

"मयुरा तुमच्याकडेच राहते ना?"

"अशी कोणी व्यक्ती आहे याला मी दुजोरा देत नाही," काका म्हणाले. "इन्कारही करत नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून मयुरा ओरडली, "काका, चहा टाकू का?"

"हा कोणाचा आवाज?"

"टीव्ही," काका म्हणाले. "जे विचारायचंय ते शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह, तीन प्रतींत पाठवा. पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन."

त्यांनी फोन ठेवला आणि चहाबरोबर ही हकिकत घरच्यांना रंगवून सांगितली. बाईंचा आवाजही काढून दाखवला. गिरिजाकाकू हसल्या. मयुरा हसली नाही.

"काका," ती म्हणाली, "फसवणारे कधी आपली चौकशी करतात का?"

काकांनी कप खाली ठेवला. बिल्डरने त्यांना एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. फक्त कोल्ड्रिंक दिलं होतं.

म्हणजे शाळा खरी होती. आणि नोकरी गेली होती.

"मी आत्ता फोन करतो, सगळं नीट समजावून सांगतो," काका म्हणाले.

"नको," काकू म्हणाल्या. "तुम्ही आता कुणालाच काही समजावू नका."

मयुराने काकांच्या कपात उरलेला चहा ओतला आणि साय बाजूला केली, त्यांना आवडत नाही म्हणून. त्यापेक्षा ती भांडली असती तर काकांना बरं वाटलं असतं. संध्याकाळी ते बाजारात गेले आणि तिच्यासाठी विमानात न्यायची गळ्यातली उशी घेऊन आले. घासाघीस न करता.

बुधवारी मेल आला. मयुराने तो उभ्यानेच वाचला, मग बसून मोठ्याने वाचून दाखवला. सुनिसाबाईंनी लिहिलं होतं की यंदा त्यांच्याकडे खोट्या पदव्यांचे अर्ज फार आले. सगळ्यांचे रेफरन्स पहिल्या रिंगला फोन उचलत होते आणि न अडखळता स्तुती करत होते. तीन उमेदवारांचे रेफरन्स तर एकाच आवाजात बोलले. 'तुमच्या काकांनी मात्र तुमच्याबद्दल एक शब्दही चांगला सांगितला नाही. माझीच उलटतपासणी घेतली. असा माणूस भाड्याने मिळत नाही. तुम्ही खऱ्या आहात याची आमची खात्री पटली. नेमणूकपत्र सोबत जोडले आहे.'

"म्हणजे मी बरोबर केलं," काका म्हणाले.

"चुकून," काकू म्हणाल्या, आणि डोळे पुसायला आत गेल्या.

काकांनी नेमणूकपत्र दोनदा वाचलं. मग चष्मा काढला, आणि गॅलरीत जाऊन बराच वेळ शेजाऱ्यांच्या तुळशीकडे बघत उभे राहिले. तेवढ्यासाठी चष्मा काढायचं कारण नव्हतं.

मे महिन्यात मयुरा गेली. एम.ए. इंग्रजी, पहिला वर्ग. शिवाय भारताची राज्यघटना, जागतिक इतिहास आणि लोकप्रशासन तोंडपाठ.

तिला बालवर्ग दिलाय. सध्या 'सी फॉर कॅट' चालू आहे.