खुन्याचे बूट

उंबऱ्यापाशी खुनी थांबला, खाली वाकला आणि बुटाची नाडी सोडायला लागला.

"कट!" फरशीवर पालथा पडलेला ललित ओरडला. "नाना, बूट काय काढताय? खून करायला आलाय तुम्ही!"

"हां हां. ध्यानातच नाय राह्यलं," चिमाजी ओशाळून म्हणाले आणि पुन्हा अंगणात गेले.

सायखेड्याच्या त्या घरात सकाळपासून ललितची शॉर्टफिल्म चालली होती. खुनी व्हायचा तो सनी आदल्या दिवशी पाय मुरगळून बसला, आणि त्याचे काळे बूट नेमके ललितच्या वडिलांना, चिमाजींना बसले. अभिनयाची काळजी नव्हती, चेहरा दिसणारच नव्हता. कॅमेरा फरशीला टेकवलेला. त्याच्या पुढ्यात ललितची चुलतबहीण पूजा दाराकडे पाठ करून झेंडूचा हार ओवत बसलेली, आणि तिच्या पाठीमागे उघडं दार. त्या दारातून नुसते बूट यायचे, सावकाश. बघणाऱ्याला ते दिसतात, पूजाला दिसत नाहीत. किंकाळी नको, सुरा नको, बघणाऱ्याचा जीव टांगणीला लावायला एवढं पुरे, असं ललितचं म्हणणं होतं.

जीव तर त्याचाही टांगणीला लागलेला होता. भाड्याचा कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता आणि स्पर्धेला फिल्म पाठवायची उद्या शेवटची तारीख होती. शिवाय बापलेकांत ठरलं होतं की फिल्म निवडली गेली तर ललितनं आपल्या वाटेनं जावं, नाही तर शहरात द्वारका चौकातल्या नानांच्या फुलांच्या दुकानात मुकाट्यानं येऊन बसावं.

दुसऱ्या वेळी चिमाजी वाकले नाहीत. पण उंबऱ्याशी येताच एका पायानं दुसऱ्या पायातला बूट सरकवला, मग दुसरा काढला, दोन्ही पायानंच नीट जोडीनं लावून ठेवले आणि अनवाणी आत आले. ललितनं कपाळावर हात मारला. "कट!"

तिसऱ्या वेळी बूट खरोखरच आत आले. दोन पावलं आले आणि तिथूनच माघारी फिरले.

"नाय जमत रे," दाराबाहेरून आवाज आला. "समोर देव्हारा हाय."

आता मात्र ललितचं डोकं फिरलं. तो उठून दारात गेला. "तुम्ही मुद्दाम करताय, नाना. मी दुकानात बसावं ना, म्हणून."

चिमाजींनी बूट काढून हातात घेतले. मग ते नळाच्या दिशेनं निघून गेले. तोंडातून शब्द गेले तसे ललितला ते खुपले, पण ते मागे घेण्याइतका राग अजून उतरला नव्हता. तो तणतणत आत आला.

पूजा कॅमेऱ्याच्या एवढ्याशा पडद्यावर झालेले शॉट बघत बसली होती. "ललित, हे बघ," ती म्हणाली. "मधला."

बूट उंबऱ्याशी थांबले. एक निघाला, दुसरा निघाला. भेगाळलेले, मातीनं रापलेले दोन पाय सवयीनं उंबरा ओलांडून आत आले, आणि त्यांचा जरासुद्धा आवाज झाला नाही. तेवढ्यात ललितचंच 'कट' ऐकू आलं.

"बाहेरचा माणूस बूट काढत नाही," पूजा हळू आवाजात म्हणाली. "हा घरातलाच आहे कुणीतरी."

ललितच्या अंगावर सरसरून काटा आला. महिनाभर त्याला हा खुनी कोण ते सापडत नव्हतं. चोर करून पाहिला, शेजारी करून पाहिला, काही केल्या भीती वाटत नव्हती. आणि ज्या बापानं ती भीती चालत आत आणली, त्याला त्यानं आत्ता नाही नाही ते ऐकवलं होतं. तो अंगणात धावला.

चिमाजी नळाखाली बुटांचे तळवे खसाखसा घासत होते.

"झालं बघ," मान वर न करता ते म्हणाले. "सोच्छ केलेत. देवालाबी सांगितलंय, पोराचं काम हाय, आजच्या दिवस माफ कर. आता नाय काढायचो. चल."

ललित त्यांच्याजवळ उकिडवा बसला. "नाना, काढूनच या," तो म्हणाला. "दुसऱ्या वेळी आलात ना, तसेच."

"आं? मंग वरडलास कशापायी?"

"चुकलं माझं. नंतर बोललो ते तर फारच चुकलं."

"ते जाऊ दे. ऊन चाललंय," चिमाजी म्हणाले आणि ओले बूट पायात चढवायला लागले.

चौथ्या वेळी कुणी काही सांगितलं नाही. बूट आले, थांबले, निघाले, जोडीनं लागले. अनवाणी पाय सावकाश पुढे आले. मागे आपले काका आहेत हे पूजाला पक्कं ठाऊक होतं, तरी तिचा सुईचा हात आपोआप थांबला. पाय तिच्या अगदी पाठीशी येऊन उभे राहिले. ललितनं मनात दहापर्यंत मोजलं आणि 'कट' न म्हणताच बटण दाबलं.

त्या घरात आभार मानतात ते पाहुण्यांचे. आपल्या माणसाला काय म्हणायचं ते ललितला कुणी शिकवलं नव्हतं, आणि ऊर तर भरून आला होता. पालथा तो होताच. तसाच पूजाच्या बाजूनं पुढे सरकला आणि त्यानं बापाच्या पायांवर डोकं ठेवलं.

चिमाजी जागचे हलले नाहीत. आपण हललो तर पोराचं बिघडेल, म्हणून श्वास रोखून उभे राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी ओठातल्या ओठात विचारलं, "ह्येबी शूटिंगमधी हाय का रे?"

"नाही, नाना," ललित म्हणाला. "कॅमेरा बंद आहे."